ओलं वजन

नव्या कोऱ्या रेनकोटचे खिसे ब्लेडनं उसवत बसलेला माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. जेवणाची सुट्टी होती. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात मी नुकतीच टायपिस्ट म्हणून लागले होते आणि कॅन्टीन शोधता शोधता चुकून त्यांच्या खोलीत शिरले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पावसात खिशात काय ठेवतेस?"

"काही नाही," मी म्हणाले.

"मग खिसा कशाला हवा? पाणी साठवायला?" असं म्हणून त्यांनी दुसरा खिसा उसवायला घेतला. मी दारात घुटमळते आहे हे पाहून म्हणाले, "कॅन्टीन जिन्याखाली. भाजी घेऊ नकोस, उसळ घे." उसळ खरंच बरी होती.

आमचा कारखाना वजनकाट्यांचा. वाण्याच्या दुकानातल्या काट्यापासून ते प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवतात त्या नाजूक तराजूपर्यंत सगळं तिथे बनायचं, आणि बाहेर पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचं. मालकांची केबिन सोडली तर एसी फक्त त्यांच्या खोलीला होता. तोही त्यांच्यासाठी नाही, मखमलीच्या पेटीतल्या पितळी वजनांसाठी. ती वजनं ते चिमट्यानं उचलत, कारण बोटाचा तेलकटपणा लागला तरी वजन बदलतं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. कुठलीही वस्तू समोर आली की तिचा रंग, किंमत, उपयोग हे सगळं त्यांना मागाहून दिसे. आधी दिसे तिचं वजन. माझ्या पर्सकडे बघून दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "रोज एवढं काय नेतेस? गावाला निघालीस का?" कारखान्यात त्यांना पाठीमागे तोळेसाहेब म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सुट्टीला जोडून एखादी दांडी मारायची आणि सह्याद्रीतल्या कुठल्यातरी किल्ल्यावर मुक्कामाला जायचं, असा एक कंपू कारखान्यात होता. त्याचा म्होरक्या दिलीप. असेंब्लीत सुपरवायझर, मुलुंडला राहायचा, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. मला किल्ल्यांची आवड बिवड नव्हती. घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहत होतो आणि मला महिन्यातून एक दिवस तरी कुणाच्या पायाला पाय न लागता झोपायचं होतं. आईनं परवानगी दिली ती तोळेसाहेब बरोबर असतात म्हणून. त्यांचा चेहराच असा होता की कुठल्याही आईनं परवानगी द्यावी. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटकुळे, आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा भाव.

थंडीत काही प्रश्न नसायचा, चादर अंथरली की झालं. खरी परीक्षा पावसाळ्यात. दिलीपनं त्याच्या मांडववाल्या काकांकडून कॅनव्हासचा एक तंबू मिळवला होता. त्यात आम्ही सगळे मावायचो, पण तो बांबूसकट वर न्यायचा म्हणजे प्रेत न्यावं तसा दोघांनी खांद्यावर घ्यावा लागे, आणि घेणारे वाटभर दिलीपच्या काकांचा उद्धार करत. साहेब त्या तंबूत झोपत नसत. ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर, असा त्यांचा नियम होता. ते कुणाचं काही उचलत नसत आणि त्यांचं कुणाला उचलू देत नसत. पाण्याची बाटलीसुद्धा नाही. सुरुवातीला मला तो कद्रूपणा वाटला होता. नंतर लक्षात आलं की दुसऱ्याचं न उचलण्यात त्यांना काही रस नव्हता, पण त्याशिवाय आपलं आपण उचलण्याला न्याय राहत नाही असं त्यांना वाटे.

त्यामुळे पावसात एकट्या माणसानं डोक्यावर छप्पर आणि अंगावर आडोसा किती कमी वजनात न्यावा, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न झाला होता. बाजारातला प्रत्येक पर्याय त्यांनी वापरून मोडीत काढला होता. रबरी रेनकोट आत माणूस नसला तरी उभा राहतो, एवढा जड. पारदर्शक प्लास्टिकचा हलका, पण करवंदीच्या जाळीशी एकदा गाठ पडली की संपला. छत्री शहरात आपण नेतो, कड्यावर ती आपल्याला नेते. घोंगडी भिजली तरी ऊब देते, कबूल, पण भिजल्यावर ती घोंगडी राहत नाही, मेंढी होते. हे सगळं ते कुठलाही आवेश न आणता सांगत, आणि शेवटी म्हणत, "पाऊस अंगावर आलेला चालतो. पाठीवर आलेला नाही चालत."

हे वाक्य त्यांनी मोठी किंमत मोजून मिळवलेलं होतं. त्यांचा पहिला तंबू मी पाहिला तो त्यांच्या खोलीत, घडी घालून काट्यावर ठेवलेला. घट्ट विणीचं पॉपलिन, घरच्या मशीनवर शिवलेलं. खाली तळ नाही, पुढे दार नाही, उभा करायला हातातली काठी. त्यांनी शिपायाला पाठवून आम्हाला सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. आकडा बघून दिलीप म्हणाला, "झकास, साहेब! माझी चप्पल याच्यापेक्षा जड असेल." साहेबांनी त्याची चप्पलही तोलली असती, पण ती पितळी वजनांच्या खोलीत चालणार नव्हती.

पुढच्याच किल्ल्यावर पाऊस लागला आणि त्या कापडानं पाणी गळू दिलं नाही, कारण सगळं पाणी ते स्वतः प्यायलं. सकाळी साहेबांनी आणि मी दोन टोकं धरून ते पिळलं, तरी ते पीत राहिलं. साहेबांनी ते सॅकमध्ये भरलं आणि उतरायला लागले. मागून पाहिलं तर सॅकमधून पाणी गळून पँटीवरून थेट बुटात चाललेलं. वाटेत ते खाली बसले. त्यांना असं बसलेलं आम्ही प्रथमच पाहत होतो.

"द्या, साहेब, घेतो मी जरा," दिलीप म्हणाला.

"नको."

"अहो, सगळे आपलेच आहेत ना."

"नको म्हटलं ना."

कॅनव्हासचा तंबूही भिजून दुप्पट झाला होता, पण तो आळीपाळीनं खांद्यावर घेता येत होता आणि शिव्या द्यायला दिलीपचे काका होते. साहेबांना शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं.

सोमवारी मी ऑफिसात पोचले तेव्हा त्यांच्या खोलीत बादली होती. बादलीत तंबू. एसीच्या खोलीत, पितळी वजनांच्या शेजारी, पाणी निथळत असलेला तंबू ते काट्यावर ठेवत होते, आणि नेमके मालक एका गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत तिथे आले.

"हे काय चाललंय?"

"चूक तपासतोय," साहेब म्हणाले. "तंबू कोरडा तोलला होता."

जन्मभर ज्यानं दमट हवेला काट्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, त्याच्याच हातून ही चूक व्हायची. आमच्या हातून झाली नसती, कारण आम्ही मुळात काही तोललंच नसतं. मालकांनी बादलीवर बंदी घातली. तेव्हापासून ओलं वजन करायचा कार्यक्रम मागच्या आवारात, नळाशेजारी हलला. बूट, मोजे, दोरी, टोपी, जे काही ते डोंगरावर नेत ते आधी पाण्यात बुडवून तोललं जाई. कोरड्या वजनाचं कुणी नाव काढलं तर म्हणत, "ते जाहिरातीत छापतात."

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायचे. वर्सोव्याच्या बाजूला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. मी अधूनमधून जायचे, कारण काकूंच्या हातचं माशांचं तिखलं आमच्या घरी होत नसे, आणि त्यांना नवऱ्याच्या तक्रारी सांगायला त्या नवऱ्याला ओळखणारं कुणी तरी हवं असे. त्यांनीच मला सवाष्णीची गोष्ट सांगितली.

साहेबांनी स्वतः एक रेनकोट शिवला होता. डोक्यातून घालायचा, त्याला गुंडी नाही, चेन नाही, अर्थातच खिसा नाही. तो घालून ते पावसात फिरून आले आणि आतून चिंब झाले. म्हणजे कुठेतरी भोक असलं पाहिजे. भोक सापडेना. तेव्हा त्यांनी टोपी आणि बाह्यांची तोंडं सुतळीनं बांधली, रेनकोट उलटा करून दिवाणखान्यात झोपाळ्याच्या कडीला टांगला आणि त्यात पाणी भरलं. तो श्रावणातला शुक्रवार होता. काकूंकडे शेजारची बाई सवाष्ण म्हणून जेवायला यायची होती. ती आली, आणि दारातून तिला डोकं खाली, हात लोंबलेला, पोट फुगलेला कुणीतरी छताला टांगलेला दिसला.

"तिनं काय किंकाळी फोडली गं! खालचा वॉचमन वर आला," काकू सांगत होत्या. "आणि हे म्हणतात, घाबरू नका, एक थेंबही गळत नाहीये. तेवढ्यात टोपीची सुतळी सुटली. ओटी भरायचे तांदूळ, पाट, रांगोळी, सगळं पॅसेजमध्ये."

सगळं पुसून झाल्यावर साहेब म्हणाले, भोक नाही तर मग मी ओला कसा झालो?

"मी म्हटलं, घामानं. माणूस आहात तुम्ही. चालल्यावर घाम येतो माणसाला."

साहेबांनी ते आठवडाभर मनात तोललं. मग राजापूरकडच्या गावाहून त्यांनी एक इरलं मागवलं. भात लावताना बाया डोक्यापासून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. पाठ झाकते, पोट उघडं, हवा खेळती. ते घालून एका सकाळी ते अंधेरी स्टेशनापासून कारखान्यापर्यंत चालत आले. लोक रिक्षातून डोकी बाहेर काढून बघत होते. फाटकावर भय्या वॉचमननं अडवलं, "साहब, ये छप्पर बाहर रखो." साहेबांनी ते छप्पर बाहेर ठेवलं आणि शर्टाची पाठ त्याला हात लावून बघायला लावली. कोरडी होती. मला वाटतं, त्या दिवशी त्या वॉचमनचं त्यांच्याबद्दलचं मत कायमचं पक्कं झालं. पण पुढचा त्यांचा रेनकोट त्या इरल्यावरूनच बेतलेला होता. पुढून उघडा, मागून गुडघ्यापर्यंत, आणि खांद्यांशी दोन बारीक कामट्या, म्हणजे कापड अंगाला चिकटू नये.

साहेबांची पाठ गेली ती मात्र डोंगरावर नव्हे. गोदामाच्या मोठ्या काट्याची तपासणी चालली होती. हेल्पर चहाला गेला होता, हाक मारली असती तर आला असता. त्यांनी हाक मारली नाही. वीस किलोचं बिडाचं वजन उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले. मणक्यातली चकती सरकली होती. कित्येक महिने ते घरी लाकडी फळीवर उताणे पडून होते. आम्ही मोसंबी घेऊन गेलो. साहेबांनी पिशवीकडे पाहिलं आणि सवयीनं वजन सांगितलं, मग भिंतीकडे बघत राहिले.

स्वयंपाकघरात काकू मला म्हणाल्या, "तुला खरं सांगू? त्यांना पाणी लागतं तरी ते मागत नाहीत. घसा सुकलेला दिसतो मला. मला उठावं लागेल म्हणून मागत नाहीत. इतक्या वर्षांची बायको मी, मला उठायला लागलं तर काय होतं गं?" त्या रागावलेल्या होत्या. मलाही राग आला. माणसानं घेऊच नये काही कुणाकडून, म्हणजे देणाऱ्यानं करायचं काय?

ते पुन्हा कामावर यायला लागले तेव्हा कमरेला पट्टा होता आणि चालण्यात एक जपणूक आली होती. पावसाळा जवळ आला तसा दिलीप त्यांच्या खोलीत गेला. मी तिथेच टायपिंगचे कागद घेऊन उभी होते.

"साहेब, तुम्ही या यार, तुमच्याशिवाय मजा नाही. सामान आम्ही घेतो तुमचं. तुम्ही नुसते हात हलवत चला."

साहेबांनी चिमटा खाली ठेवला. "माझं सामान तुम्ही घ्यायचं?"

"मग काय झालं?"

"मग मीही सामानच झालो," ते म्हणाले. "मला नाही यायचं तसं."

दिलीप बाहेर आला आणि मला म्हणाला, "वाट लागली गं या माणसाची." तो चेष्टेत बोलला नव्हता. आम्हा दोघांनाही कळलं होतं की आता एकतर ते आपलं सगळं आपल्या पाठीवर घेऊन येतील, नाहीतर घरी बसतील. आणि घरी बसलेले ते कसे दिसतात हे आम्ही पाहून आलो होतो.

ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. साहेबांनी विचारलं, किती? डॉक्टरांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ते वैतागून म्हणाले, "अहो, काही नाही म्हणजे काही नाही. शाळेतल्या पोरांची दप्तरं असतात ना, त्याहून जास्त पाठीवर घ्याल तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

साहेब घरी गेले ते तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातून चौथीतल्या मुलीचं दप्तर मागून घेऊनच. ते त्यांनी कारखान्यात आणून तोललं आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. चौथीचं दप्तर त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जड निघालं होतं.

"डॉक्टरांनी मर्यादा दिली," ते मला म्हणाले.

"साहेब, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. म्हणाले ते दप्तर."

डॉक्टरांचं वैतागणं काट्यावर ठेवता येत नव्हतं, दप्तर येत होतं. मग त्या दप्तराच्या आत आपला अख्खा पावसाळी संसार बसवायचा, तोही ओला, या कामाला ते लागले. चोरबाजारातून भंगारात निघालेलं पॅराशूटचं कापड आणलं. कळकट पांढरं, त्यावर कसले कसले आकडे छापलेले. तंबू आपल्या अंगाच्या मापाचाच हवा, एक वीतही जास्त नको, म्हणून ते कापड जमिनीवर पसरून त्यावर उताणे झोपले आणि काकूंना म्हणाले, माझ्याभोवती रंगीत खडूनं रेघ ओढ. काकूंनी ओढली. ते उठून गेल्यावर कापडावर नुसती ती रेघ राहिली. "मेलेल्या माणसाभोवती पोलीस ओढतात ना, तशी," काकू म्हणाल्या. "मी ती लगेच पुसणार होते, पण मग पुन्हा झोपले असते."

शिवणीला साधा दोरा पाणी पितो म्हणून ते वर्सोव्याला बंदरावर गेले. जाळी विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळणीकडून त्यांनी नायलॉनचा धागा मागितला. मी बरोबर होते. ती म्हणाली, "म्हावरं नको, जालं नको, निस्ता धागा? काय शिवतंस रं, पोट फाटलंय काय तुजा?" साहेबांनी तिला गंभीरपणे सांगितलं की घर शिवतोय. तिनं त्यांना वरून खाली पाहिलं आणि धागा तसाच दिला. कापडातून पाणी झिरपू नये म्हणून पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन पेट्रोलमध्ये पातळ करून त्यांनी गच्चीवर त्याला हात दिले. वासानं इमारतीतली माणसं खाली उतरली. सोसायटीची मीटिंग झाली. साहेब मीटिंगला गेले नाहीत, त्यांचं कापडाला पुढचा हात देणं चालू होतं.

जुलैत एका दुपारी मागच्या आवारात सगळा कारखाना जमला. दोन पारड्यांचा मोठा तराजू बाहेर काढला होता. एका पारड्यात दप्तर. दुसऱ्यात साहेबांनी नळाखाली भिजवून एकेक वस्तू ठेवली. तंबू, दोऱ्या, बांबूच्या तासलेल्या खुंट्या, इरल्यासारखा तो रेनकोट, पातळ चादर, ॲल्युमिनियमचं एक भांडं, खाणं, आणि शेवटी पाण्यानं भरलेली बाटली. त्यांची सॅकसुद्धा ओली होती. त्यांनी हात काढून घेतला. दप्तराचं पारडं खाली राहिलं. दिलीपनं शिटी मारली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

निघायच्या आधी काकूंनी मला बोलावून घेतलं. "एक कर. त्यांना काही झालं तर ते सांगणार नाहीत. तू विचार. काही नाही म्हणाले तर परत विचार."

किल्ला कर्जतकडचा होता, फार कठीण नाही, पण चढ सलग. साहेब आमच्यात मधोमध चालत होते, बेताच्या पावलानं, कुठेही न थांबता. लावणीचे दिवस होते. खाचरातल्या बायकांनी त्यांचा तो रेनकोट बघितला आणि एकजण ओरडली, "काय पाव्हणं, लावणीला निघालाव? या की हिकडं!" साहेबांनी त्यांना हात केला. मी दोनदा विचारलं, बरं आहे ना? दोन्ही वेळा ते म्हणाले, काही नाही, म्हणून मी आणखी दोनदा विचारलं. शेवटी म्हणाले, "हिनं सांगितलंय ना तुला? सांग तिला, काही नाही."

वर पोचलो तेव्हा माथ्यावर धुकं आणि तिरपा पाऊस. आमचे लोक कॅनव्हासशी झगडत असताना साहेबांनी काठी रोवली, खुंट्या ठोकल्या, मागची दोरी एका दगडाला बांधली आणि आत सरकले. आम्ही उभे भिजत होतो आणि ते त्यांच्या अंगाच्या मापाच्या घरात कोरडे पडून आमच्याकडे बघत होते. "आत पाऊस येतोय का, साहेब?" दिलीपनं ओरडून विचारलं. "नाही," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "घामही नाही." मला खरंच आनंद झाला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं एवढं करावं का, हा प्रश्न मला तोवर नेहमी पडायचा. त्या संध्याकाळी पडला नाही.

सकाळी पाऊस उघडला होता. आम्ही चहा ठेवला आणि हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही असं वाटलं म्हणून मी बघायला गेले. तंबू अर्धा उतरवलेला होता. ते गुडघ्यावर होते, एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हातात नुकतीच उपटलेली खुंटी. खुंटी ती कितीशी, करंगळीएवढी. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय झालं, साहेब?"

"तुम्ही पुढे व्हा," ते म्हणाले. "मी येतो."

मी परत विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की पाय जागेवरून हलत नाहीत.

आम्ही तासभर वाट पाहिली, शेक दिला, दिलीपनं त्यांना धरून उभं करायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सोडून दिला. मग मोठ्या तंबूचे दोन बांबू घेतले, त्यांच्याच पॅराशूटच्या कापडाची दुहेरी घडी करून ती बांबूंना गुंडाळली आणि त्यावर त्यांना सरळ झोपवलं. कापड धरेल की नाही याची आम्हाला शंका होती. ते डोळे मिटून म्हणाले, "धरेल. ताण शिवणीवर येऊ द्या, मधे नको." त्यांची सॅक मी माझ्या पाठीवर घेतली. ती त्यांना दिसत होती. त्यांनी तोंड फिरवलं.

सहाजणांनी उचललं. मी डोक्याच्या बाजूला होते, डावीकडे. पायवाट निसरडी, एका वेळी एकच पाऊल टाकायचं, आणि पुढच्यानं थांब म्हटलं की मागच्यानं थांबायचं. पहिलं वळण उतरलो. मग त्यांनी पुढे चालणाऱ्या दिलीपला विचारलं, "जड होतंय?"

"छे हो! पिसासारखे आहात, साहेब."

काही पावलांनी त्यांनी दुसऱ्याला विचारलं. तोही म्हणाला, अजिबात नाही. मग तिसऱ्याला. प्रत्येक 'नाही'सरशी ते अंग आखडून घेत होते, हे मला वरून दिसत होतं. कोपरं आत, मान उचललेली, दात आवळलेले, जणू तसं केल्यानं वजन कमी होईल. वजन म्हणजे काय हे आयुष्यभर शिकलेला माणूस तो. तसं होत नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि त्या आखडण्यानं त्यांची पाठ किती दुखत असेल, ते बघवत नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जड होतंय का गं?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

दिलीपनं मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"हात भरून आलाय माझा. बोटं कळत नाहीत."

वरून झाडाचं पाणी त्यांच्या चेहऱ्यावर पडत होतं आणि ते पुसायला हात मोकळा असूनही त्यांनी ते पुसलं नाही.

"मग इतका वेळ एकाच हातावर कशाला घेतलंस?" ते म्हणाले. "थांब रे, दिलीप. खाली ठेव मला. हिला बाजू बदलू दे. तुम्हीही बदला सगळे."

आम्ही त्यांना एका सपाट दगडावर टेकवलं, हात झटकले आणि जागा बदलल्या. मी उजवीकडे गेले. पुन्हा उचललं तेव्हा त्यांनी अंग सैल सोडलं होतं, मान माझ्या मनगटाला टेकवली होती, आणि ते आधीपेक्षा जड लागले.